कोपरापर्यंत हात

उमरे सर फार प्रेमळ होते, असं परवाच्या शोकसभेत एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं. गोड स्वभावाचे, मनमिळाऊ, मुलांत मूल होणारे. एक माजी विद्यार्थी, जो आता जिनिंगवाल्यांची कोर्टकचेरी बघतो, त्याने तर त्यांना 'माउली' म्हटलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. मी पहिल्या रांगेत, पंख्याखाली, म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या मऊ खुर्चीत बसलो होतो. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी घशाकडे बोट दाखवलं. ऐन वेळी मला नेहमी काहीतरी होतं. कधी घसा, कधी ताप.

म्हणून हे लिहितो आहे. उमरे सर प्रेमळ नव्हते. मुलांत मूल होणं दूरच, ते मुलांनाही फार वेळ मूल राहू देत नसत. त्यांनी कुणाची पाठ थोपटलेली मी पाहिली नाही. चुकलेल्या मुलीला ते असं काही बोलत की ती रडे, आणि ती रडली की म्हणत, "रडून घे. मग स्पेलिंग सांग." माणसांबद्दल त्यांच्या मनात तुच्छता होती आणि ती ते त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यासारखी रोज इस्त्री करून अंगावर घालत. सभेत ज्यांनी त्यांना माउली केलं, त्या सगळ्यांना या तुच्छतेचा प्रसाद कधी ना कधी मिळालेला होता. मला सगळ्यांत जास्त.

मी नागपूरहून मराठीचा शिक्षक म्हणून राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात आलो तेव्हा पंचविशीत होतो. अंगाने गोरा, कपड्यांनी नवा. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी उठून नाव-गाव विचारलं. कोपऱ्यात एक काळासावळा, उभट चेहऱ्याचा माणूस खडू कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवत बसला होता. तो उठला नाही.

"मराठीचे का?" त्यांनी विचारलं.

"हो. पाठक."

"मी उमरे. इंग्रजी. एक काम करा, फेअर या विशेषणाले मराठीत एक शब्द द्या."

मला परीक्षा द्यायची सवय होती. मी म्हणालो, "न्याय्य. किंवा गोरा. किंवा रास्त, किंवा मग बऱ्यापैकी..."

"एक."

"एक कसा सांगणार? संदर्भ पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे नवीन सायकल न्याहाळावी तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "संदर्भ पाहून शब्द बदलणारा माणूस," ते बाकीच्यांना म्हणाले. "लई पुढं जासान, पाठक सर."

सगळे हसले. मीही हसलो. आपल्यावरच्या हसण्यात आपण सामील झालं की ते कमी लागतं, हे मला तेव्हाच येत होतं.

त्यांचा चहाचा पेला वेगळा होता. स्टीलचा, त्यावर तळाशी नाव कोरलेलं. बाकी सगळे कपबशीतून पीत आणि उमरे सर त्या पेल्यातून. मी एकदा भोळेपणाने विचारलं, "सर, तुमचाच पेला वेगळा का?" ते म्हणाले, "मी आणला नसता तं तुम्ही लोकांनी आणला असता. मी तुमची मेहनत वाचवली." स्टाफरूममध्ये कुणी मान वर केली नाही. त्यांचे वडील छप्पन सालानंतर बौद्ध झालेले, आणि त्या घरातून बी.ए., बी.एड. झालेला हा पहिला माणूस. शाळेत त्यांच्याइतकं इंग्रजी कुणाला येत नव्हतं, आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यांच्याशी इंग्रजीत कुणी बोलत नसे. मी तर मराठीतही जपून बोलत असे.

नववीच्या पहिल्या तासाला ते धड्याला हात लावत नसत. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'फेअर' लिहीत आणि मुलांकडे वळत. माझा तास शेजारच्या वर्गावर असे आणि मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे मी हा तास दर वर्षी ऐकला आहे.

"सांगा. विशेषण हाय. अर्थ?"

"गोरा, सर!"

"गोरा. म्हणजे तू नाही आन् मी तं नाहीच नाही. पुढं."

"फेअर वही, सर."

"बरोबर. रफ वहीत चूक करायची, फेअर वहीत ते लपवायची. पुढं."

"जत्रा!"

"ते नाम झालं. मी विशेषण मागतलं. तू कळंबले जा, चिंतामणीच्या जत्रेत पाळण्यात बस. पुढं."

"निकालात असते, सर. पूअरच्या वरचं."

"आन् गुडच्या खालचं. म्हणजे ना धड पास झाल्याचा आनंद ना नापास झाल्याची लाज. आपल्या गावाचं गोत्र हेच. पुढं."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, "एफेक्यू, सर." कापसाच्या गावात हा शब्द पोरांना पाळण्यात कळतो. फेअर ॲव्हरेज क्वालिटी, म्हणजे ज्या कापसाला ठरलेला भाव मिळतो तो. त्याखाली घसरला की भाव पाडून मागतात.

"घरी जा आन् बापाले विचार, मागच्या साली किती फेअर झालं," उमरे सर म्हणत.

न्यायी, निःपक्षपाती हा अर्थ सगळ्यात शेवटी येई, तोही एखाद्या मुलीने डिक्शनरी पाहून आणला असेल तर. मग सर खडू खाली ठेवत. पत्र्यापलीकडे मी माझं वाक्य अर्धवट सोडून वाट बघत असे.

"हा अर्थ डिक्शनरीत पहिला असते," ते म्हणत. "तुमाले शेवटी आठवला. तुमचा दोष नाही. तुमी तो कुठं पाह्यलाच नाही. सरकारनं या शब्दाचं भाषांतर एकाच ठिकाणी केलं, रास्त भाव दुकान. आन् तिथं साखर मापात मिळत नाही. लिहा. जस्ट, ऑनेस्ट, इक्वल टू ऑल. पाठ करा. कामात येणार नाही, पण पाठ असू द्या."

आता जिनिंगची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं नुसते विनोद वाटतील.

आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब. गावातली जिनिंगही, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, त्यांचीच. पलीकडे शाळा, मध्ये रस्ता, अलीकडे जिनिंग. हंगामात शाळेच्या खिडक्यांतून कापसाचे तंतू आत येत आणि मुलांच्या डोक्यांवर बसत. सरकारची एकाधिकार कापूसखरेदी ढिली पडत गेली तशा बापूसाहेबांच्या फाटकापुढे बैलबंड्यांच्या आणि मेटॅडोरांच्या रांगा वाढत गेल्या. ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव खाली, बोंडअळी वर. कधी हजेरी घेताना एखाद्या पोराचं डोकं नव्याने भादरलेलं दिसे आणि मी त्याच्या नावापुढे 'हजर' मांडून पुढे जाई. बंडीतला माल एफेक्यू ठरला की नाही यावर घरातलं वर्ष ठरत असे. त्यामुळे जिनिंगच्या, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने माल खाली काढला की भांडण होई.

भांडणावर बापूसाहेबांनी तोड काढली होती, आणि गावात तिचं फार कौतुक होतं. तिला 'गुरुजींची मूठ' म्हणत. ग्रेडर एक म्हणतो आणि बंडीवाला दुसरं म्हणतो, अशा वेळी शाळेतला मास्तर यायचा, बंडीत हात घालून एक मूठ कापूस काढायचा, उन्हात धरायचा आणि शब्द द्यायचा. तो शब्द दोघांनी मानायचा. गुरुजी आपल्या पोराला शिकवतात, ते खोटं कशाला बोलतील, असं शेतकऱ्यांना वाटे. हेच बापूसाहेबांना हवं होतं. आम्ही मास्तर पाळीपाळीने शनिवारी दुपारी तिथे बसायचो. चहा मिळे, दिवाळीला डबा मिळे आणि नोकरी शाबूत राही.

मूठ कशी घ्यायची हे कुणी शिकवलं नाही. ते न सांगता कळत होतं. बंडीत कापूस भरतात तेव्हा कधी वरचा थर चांगला असतो, कधी कडेचा चेंगरलेला आणि पाल्याने भरलेला. ग्रेडर आपल्याला कुठे उभं करतो तिथून हात घालायचा. माल पाडायचा असला की तो कडेला उभं करी, कुणी बापूसाहेबांच्या जवळचा असला की वर चढायला सांगे. मी नेहमी सांगेल तिथे उभा राहिलो. तिथून वरवरची एक हलकी मूठ घ्यायची, फुंकर मारायची आणि म्हणायचं, "बरा आहे, पण एफेक्यूत बसणार नाही." शेतकरी खाली मान घालून बैल हाकत आत जाई. जाताना "बरं, गुरुजी" म्हणे. त्यांच्या या 'बरं'ने मला कधी झोप लागू दिली नाही असं लिहायला मला आवडलं असतं. झोप लागत होती.

उमरे सरांना बरीच वर्षं मूठ दिली गेली नव्हती. कारण कुणी बोलत नसे, पण पेला वेगळा असेल तर हातही वेगळाच. मग एका हंगामात दोन मास्तर आजारी, एक रजेवर, आणि त्यांचं नाव लागलं. त्या शनिवारी मीही तिथे होतो.

फाटकाशी एक म्हातारी आपल्या जावयाच्या बंडीपाशी उभी राहून ग्रेडरला शिव्या देत होती. "डोळे फुटले का तुये? चांदण्यासारखा कापूस हाय आन् कवडी म्हनते!" कवडी म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला कापूस. ग्रेडरने उमरे सरांना कडेला उभं केलं.

सरांनी चपला काढल्या. सदऱ्याची बाही वर सरकवली. चाकावर पाय देऊन बंडीत चढले, मधोमध बसले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. तिन्ही मुठी मांडीवर ठेवून एकत्र केल्या आणि बोटांनी पिंजून पाहिलं. धागा ओढून पाहिला.

"फेअर हाय," ते म्हणाले. "एफेक्यू. बाई खरं बोलून राह्यली."

ग्रेडर म्हणाला, "सर, कडेचा पाहा ना."

"कडेचा तुम्ही पाह्यला. मी आतला पाह्यला. बंडी आतून भरते."

म्हातारी त्यांच्या पायाला हात लावायला वाकली तर ते खेकसले, "पाया कायले पडतेस? तुयाच माल हाय, मी काय घरून आणला?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर सरांचं नाव झालं. पुढच्या शनिवारी रांगेतले लोक 'उमरे गुरुजीच पायजेत' म्हणून हटून बसले. सर आले. पहिलीच बंडी त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची, रामदासची. ग्रेडर म्हणे ओल आहे, रामदास म्हणे नाही. सरांनी चपला काढल्या, चढले, कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटं ओली होती आणि मुठीत पिवळी कवडी होती. रामदासने वजन भरावं म्हणून रात्री पाणी मारलं होतं आणि खाली जुना माल दडपून वर चांगला पसरला होता.

"नाही बसत," सर म्हणाले.

"दादा!" रामदास ओरडला. "घरचा मानूस हाय ना मी!"

"म्हणूनच तं इतका आत हात घातला."

"एवढी रांग लुटून राह्यली जिनिंग, आन् तुले मीच दिसलो का?"

"जिनिंग लुटते ते मागच्या शनिवारी सांगितलं. आज तू लुटून राह्यला, ते आज सांगतो. कापसाले जात नसते रामदास, आन् नातं बी नसते."

रामदासने बैल वळवले आणि सरांच्या घराकडे तोंड करून जे बोलला ते मी लिहीत नाही. त्यानंतर त्यांच्या वस्तीत सरांशी महिनोन्‌महिने कुणी बोललं नाही. मागच्या शनिवारी त्यांना डोक्यावर घेणारी रांग आता म्हणू लागली, हा मास्तर अकडू आहे, शिकला म्हणून माणसं विसरला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की फेअर माणूस कुणालाच नको असतो. जिनिंगला नको असतो आणि बंडीवाल्यालाही. प्रत्येकाला आपल्या बाजूचा माणूस हवा असतो आणि त्याला फेअर म्हणायची मुभा हवी असते. मला कळलं, आणि मी गप्प बसलो. कळण्याने माझ्यात कधी फरक पडला नाही.

त्याच वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. ज्येष्ठतेने खुर्ची उमरे सरांची होती. ती त्यांना किती हवी होती हे मी सांगू शकतो, कारण आयुष्यात त्यांनी मला फक्त एकदा घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांनी याच शाळेच्या पायाभरणीत दगड वाहिले होते आणि मुख्याध्यापकांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच त्यांना जाता येत असे. "बाप अजून जिता हाय," सर म्हणाले होते. "त्या खुर्चीत बसलेलं त्यानं एकदा पाह्यलं पायजे. मग मी दुसऱ्या दिवशी राजीनामा देतो." एवढं बोलून त्यांनी लगेच माझ्या शुद्धलेखनाची चूक काढली.

बापूसाहेबांनी आम्हा दोघांना जिनिंगच्या ऑफिसात बोलावलं. मी ज्येष्ठतेत दुसरा होतो. चहा आला, कपबशीत, दोघांनाही. उमरे सरांनी तो कप असा पाहिला की बापूसाहेबांनी नजर वळवली.

"उमरे सर, खुर्ची तुमचीच," बापूसाहेब म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतो? फक्त सीझनभर मूठ जरा पाठक सरांसारखी घेत जा. गावात शांती राहते."

"पाठक सर मूठ घेत नाहीत, बापूसाहेब. ते कापसाले आशीर्वाद देतात."

बापूसाहेब मोठ्याने हसले. त्यांना विनोद आवडत असत, विशेषतः माझ्यावरचे. "म्हणजे नाही म्हणता?"

"चहा चांगला होता," उमरे सर म्हणाले. कप भरलेलाच होता. ते उठून गेले.

मग बापूसाहेब माझ्याकडे वळले. "पाठक सर?"

मी म्हणालो, "बघू."

मराठीत 'बघू'चा अर्थ काय होतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आठवडाभरात मी प्रभारी मुख्याध्यापक झालो. उमरे सरांनी प्रकृतीमुळे पद नाकारलं, असं संस्थेने वर कळवून टाकलं.

तेव्हा सर माझ्या घरी आले. पहिल्यांदा आणि शेवटचे. माझ्या पत्नीने पाट-पाणी केलं, ते बसले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "यवतमाळले शिक्षणाधिकाऱ्यांनी बोलावलं हाय. मी पद नाकारलं नाही, एवढं सांगणारा एक माणूस पायजे. तुम्ही त्या ऑफिसात होते. उद्या सकाळची एसटी. येता का?"

"येतो," मी म्हणालो. मी खरंच म्हणालो.

"संदर्भ पाहून तं नाही ना?"

"नाही हो सर. येतो."

सकाळी मी स्टँडपर्यंत गेलो. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना, अगदी बायकोलाही, मी सांगितलं होतं की ताप होता. ताप नव्हता. मी पानटपरीच्या आडोशाला उभा होतो. एसटी लागली होती. उमरे सर खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपला पांढरा रुमाल टाकला होता. एक बाई येऊन विचारून गेली, एक म्हातारा विचारून गेला. सर प्रत्येकाला सांगत होते, "माणूस येऊन राह्यला." कंडक्टरने घंटी दिली तरी रुमाल तसाच होता. बस कळंबच्या रस्त्याला लागली आणि मी पान खाऊन शाळेत जाऊन मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो.

साक्षीदाराशिवाय कुणी त्यांचं ऐकलं नाही. त्यांचे वडील त्याच उन्हाळ्यात गेले.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत उमरे सर माझ्या हाताखाली होते. माझ्या खोलीत ते कधी बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलत. मी "आत या ना सर" म्हटलं की म्हणत, "बाप इथवरच येत होता." त्यांनी तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही, रजा मागितली नाही. फक्त दर वर्षी नववीच्या पहिल्या तासाला फळ्यावर तोच शब्द लिहिला, आणि मला आता मुख्याध्यापक म्हणून तास नसला तरी मी त्या वेळी व्हरांड्यात फेऱ्या मारत असे. आपल्याला शिव्या दिल्या जातात का हे ऐकायला. दिल्या गेल्या नाहीत. मी त्यांच्या उदाहरणांतसुद्धा नव्हतो.

त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषण केलं. ते प्रेमळ आहेत, मनमिळाऊ आहेत, शाळा हे त्यांचं कुटुंब आहे, हे सगळं पहिल्यांदा मीच बोललो. परवाच्या सभेतल्या लोकांनी माझेच शब्द उचलले, त्यांचा दोष नाही. उत्तराला उमरे सर उठले आणि म्हणाले, "पाठक सरांनी आता ज्या गृहस्थांची ओळख करून दिली, ते हजर असतील तं मले भेटायचं हाय." मग शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि सायकल काढून निघून गेले. शाल मुख्याध्यापकांच्या कपाटात पडून राहिली. तिला कसर लागली.

मी आता कळंबला मुलाकडे राहतो. मागच्या हिवाळ्यात कळलं की सर अंथरुणाला खिळले आहेत. चार वेळा ठरवून पाचव्यांदा गेलो. घर तेच, दोन खोल्या आणि अंगण. अंगणात गादी भरणारा नद्दाफ धुनकी घेऊन बसला होता. सरांची जुनी गादी उसवून त्यातला कापूस पिंजून ढीग केला होता. ढिगाच्या वर नव्या कापसाची भर होती, पांढरीशुभ्र. सर ओसरीत बाजेवर उशीला टेकून हे काम बघत होते. डोळे तेच होते.

"पाठक सर. रस्ता सापडला?"

मी बाजेशेजारच्या स्टुलावर बसलो. ठरवून आलो होतो ते बोलून टाकलं. स्टँडवरचं, पानटपरीचं, रुमालाचं. ते ऐकत होते की नाही कळेना. धुनकीचा आवाज चालू होता.

"माहीत हाय," शेवटी ते म्हणाले. "टपरीच्या आरशात दिसत होते तुम्ही."

मग मी विचारू नये ते विचारलं. माणूस म्हातारा झाला की त्याला कुठूनतरी निकाल हवा असतो. "सर, मी वाईट माणूस आहे का?"

"नाही हो." त्यांनी हात हलवला. "वाईट म्हणजे काहीतरी करावं लागते. तुमच्यावर तेवढा मोठा शब्द कायले खर्च करू?"

त्यांची पत्नी चहा घेऊन आली. दोन स्टीलचे पेले. एक मला दिला. त्यांनी आपला हातात धरला, प्यायले नाहीत.

"बरं आलेच हाय तं एक काम करा," ते म्हणाले. "हा नद्दाफ म्हणते, कापूस चांगला हाय, आणखी दहा वर्षं जाते. मले उठता येत नाही. मूठ घ्या. सांगा कसा हाय."

मी पेला खाली ठेवला. अंगणात उतरलो. नद्दाफने काम थांबवलं आणि बाजूला सरकला. त्या ढिगापुढे मी वाकलो. मला एवढंच वाटत होतं की हे काम नीट करावं, एवढं तरी नीट करावं. मी हात पुढे केला, मूठ घेतली, उन्हाकडे धरली, फुंकर मारली.

मूठ वरची होती. पांढरी, नवी, हलकी. माझ्या मनगटालाही कापूस लागला नव्हता. खाली इतक्या वर्षांचा काळवंडलेला, गोळे झालेला कापूस होता, आणि तो कसा होता हे मी पाहिलंच नव्हतं. हात आपण होऊन तिथेच थांबला होता, जिथे तो नेहमी थांबत आला.

मी मान वर केली. उमरे सर माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. कापूस न लागलेल्या माझ्या कोपराकडे बघत होते.

"सांगा," ते म्हणाले.

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. "बरा आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले आणि नद्दाफला म्हणाले, "चालू दे बाबा तुयं. पाह्यलं पाठक सरांनी."